कोथरूडच्या सायकल दुकानातला सिक्स डे रेसचा कार्यक्रम : जरूर जा

कर्वे पुतळ्याच्या मागच्या गल्लीत सायकलचं एक जुनं दुकान आहे, त्याच्या वरच्या हॉलमध्ये अधूनमधून शनिवारी संध्याकाळी सिक्स डे रेसच्या, म्हणजे सलग सहा दिवस ट्रॅकवर चालणाऱ्या सायकल शर्यतीच्या, इतिहासाचा कार्यक्रम असतो. तिकीट २५० रुपये, चहा आणि साबुदाणा वडा त्यातच. दुकानाचे मालक, सगळे त्यांना काकाच म्हणतात, स्वतः दोन तास बोलतात, फोटो दाखवतात आणि मधे ट्रॅकची सायकल चालवूनही दाखवतात. मला प्रचंड आवडलं.

सुरुवात लंडनपासून करतात. १८७८ मध्ये डेव्हिड स्टँटन नावाच्या माणसाने १०० पौंडांची पैज लावली की सहा दिवसांत १,००० मैल सायकल मारून दाखवतो, म्हणजे १,६०० किलोमीटरच्या वर, तेही ते पुढचं चाक डोक्याएवढं असलेल्या सायकलवर, इस्लिंग्टनच्या अ‍ॅग्रिकल्चरल हॉलमध्ये आतल्या आत गोल गोल, आणि जिंकला की हो. सहाच दिवस का तर रविवारी खेळ नाही, देवाचा वार.

मग हे सगळं गेलं अमेरिकेत, १८९१ ला न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये, आणि इथून काका खरे रंगतात. तेव्हा रेस एकेकट्याची, घड्याळ रात्रंदिवस चालू, जो जास्त वेळ सायकलवर तो पुढे, त्यामुळे झोपायचंच नाही. १८९७ ला चार्ल्स मिलर २,०९३ मैल गेला, लोकांना भास व्हायचे, सायकलवरून पडायचे, मॅनेजर परत उचलून बसवायचे आणि पब्लिक तिकीट काढून तेच बघायला यायचं. मेजर टेलर, जो १८९९ ला वर्ल्ड चॅम्पियन झाला तो कृष्णवर्णीय सायकलपटू, तो १८९६ ला अठरा वर्षांचा असताना या रेसमध्ये होता, १,७३२ मैल मारून आठवा आला, आणि शेवटी शेवटी त्याला वाटत होतं की कोणीतरी सुरा घेऊन मागे लागलंय. काका हे अजिबात गोड करून सांगत नाहीत, पराक्रम म्हणून तर नाहीच नाही, आणि म्हणूनच मला त्यांचं सांगणं पटलं. पेपरांनी आरडाओरडा केला, न्यूयॉर्कमध्ये कायदा आला की एका माणसाने दिवसात १२ तासांच्या वर चालवायचं नाही. आयोजकांनी काय करावं, तर दोघांची जोडी केली! एक चालवणार तेव्हा दुसरा आराम करणार, रेस चोवीस तास चालूच. १८९९ ला मिलर आणि वॉलर या जोडीने २,७३३ मैल मारले. आज ऑलिम्पिकमध्ये जी मॅडिसन नावाची जोडीची सायकल रेस असते ना, ती इथूनच आलीय.

डेमो तर बघाच. फिक्स गिअरची सायकल, ब्रेक नाही, फ्रीव्हील नाही, चाक फिरतंय तोवर पायडल फिरणारच. काकांनी मागचं चाक हाताने जोरात फिरवलं आणि क्रँक, म्हणजे पायडलचा दांडा, गरागरा फिरायला लागला, पुढे बसलेल्या पोरांनी पटकन पाय मागे घेतले. मग दोन पोरांना उभं करून हँडस्लिंग दाखवलं, म्हणजे दमलेला गडी जोडीदाराचा हात धरून त्याला पुढे भिरकावतो आणि आपला सगळा वेग त्याला देऊन टाकतो. पूर्वी तर चड्डीत कंबरेजवळ एक मूठ शिवलेली असायची, ती धरून ढकलायचे. हे कळल्यावर बेल्जियममधल्या गेंटच्या रेसचा व्हिडिओ लावला तेव्हा आधी नुसता गोंधळ दिसला असता तो नीट समजायला लागला, वर बँकिंगवर, म्हणजे ट्रॅकच्या तिरक्या उतारावर, सावकाश फिरतोय तो आराम करतोय, खाली सुसाट आहे तो रेसमध्ये. कोण पुढे हे आधी लॅपवर, म्हणजे फेऱ्यांवर, ठरतं, लॅप सारखे असले की पॉइंट.

गेंटचा कुइप्के ट्रॅक जेमतेम १६६ मीटरचा, आपल्या दिल्लीचा लाकडी ट्रॅक २५० चा आहे, त्यावरून अंदाज घ्या वळणं कसली असतील. तिथे १९२२ पासून रेस आहे. बेल्जियमचा सायकलपटू पॅट्रिक सेर्कू २२३ सिक्स डे खेळला आणि ८८ जिंकला, हा आकडा ऐकून हॉलमध्ये एकदम शांतता. आणि त्याच ट्रॅकवर २००६ ला स्पेनचा सायकलपटू इसाक गाल्वेझ रेसमध्ये पडून मरण पावला, तेही सांगितलं.

आता तक्रारी. प्रोजेक्टर अगदी फिका आहे, जुने फोटो नीट दिसत नाहीत, त्यावर खर्च करा कृपया. गाडी लावायला जागा नाही, जिना उभा आहे, आजी-आजोबांना नेणार असाल तर आधी फोन करून विचारा. आणि मोठी तक्रार म्हणजे बायकांच्या रेसचा एक शब्द नाही! १८९० च्या दशकात अमेरिकेत बायकांच्याही सिक्स डे रेस व्हायच्या, रोज थोडे तास, आणि शिकागोची टिली अँडरसन त्यातलं मोठं नाव. मी नंतर विचारलं तर काका म्हणाले, "अगं वेळच पुरत नाही." मग वडे-चहाचा ब्रेक कमी करा ना काका, मुली पण आल्या होत्या ऐकायला, त्यांना हे कळलंच पाहिजे.

दहा-बारा वर्षांच्या पुढची मुलं असतील तर नक्की न्या, सायकल शिकणारी असतील तर जास्तच. पुढचा भाग बालेवाडीच्या वेलोड्रोमवर (सायकल ट्रॅकवर) करायचा विचार आहे म्हणे, तो जमला तर दुप्पट तिकीट देऊन जाईन. खुर्च्या कमी आहेत, साडेपाचला पोचा.