जुन्या मोटरसायकलवरचे मोनोग्राम: दहा महिन्यांच्या वापरानंतर कुठली जोडणी टिकली

मोनोग्राम, म्हणजे टाकीवर किंवा पॅनलवर लावायचं गाडीच्या नावाचं चिन्ह, बसवला त्या दिवशी सगळंच घट्ट वाटतं. डबल टेप असो, स्प्रिंग नट असो किंवा नुसता गोंद असो, हलवून बघितलं तर काहीच हलत नाही. खरा फरक कळायला ऊन, पाऊस, धुणं, इंजिनाची थरथर आणि टाकीवर सांडलेलं पेट्रोल यातून गाडी जावी लागते. दहा महिन्यांनी सगळे मोनोग्राम काढून मागची बाजू तपासली. मोनोग्राम पडण्याची भीती सगळ्यांना असते, पण जास्त नुकसान मागे साचणाऱ्या पाण्याने होतं आणि ते वरून दिसत नाही.

जोडण्या अशा होत्या. टाकीच्या दोन्ही बाजूंना झिंकच्या ओतकामाचे क्रोम केलेले मोनोग्राम, स्क्रूने. डाव्या साइड पॅनलला क्रोम चढवलेला एबीएस प्लास्टिकचा मोनोग्राम, मागच्या खुंट्यांवर स्प्रिंग नट (खुंटीवर दाबून बसवायचा, दातांनी धरणारा पत्र्याचा नट) लावून. उजव्या पॅनलवर तसाच मोनोग्राम, पण खुंट्या तुटलेल्या असल्यामुळे ॲक्रिलिक फोम टेपवर. टूलबॉक्सच्या पत्र्याच्या झाकणावर ॲल्युमिनियमची पातळ नावपट्टी, तीही टेपवर. सुपरग्लू आणि इपॉक्सी गाडीवर वापरले नाहीत. त्यांची चाचणी रंगवलेल्या भंगार पत्र्यावर झाली, आणि ते बरंच झालं.

टेपबद्दल आधी सांगतो, कारण चुका तिथेच जास्त होतात. स्टेशनरीतली पांढरी फोम टेप इथे चालत नाही. तिचा फोम पाणी पितो आणि उन्हात भुगा होतो. हवी ती बंद पेशींची ॲक्रिलिक फोम टेप, व्हीएचबी (खूप मजबूत पकडीच्या) प्रकारातली, सपाट जागेला 0.8 मिमी आणि थोड्या गोलाईला 1.1 मिमी जाडीची. वजनाची काळजी करू नका. अशा टेपसाठी कायमच्या भाराला 1 किलोमागे साधारण 55 चौरस सेंमी टेप धरतात. म्हणजे 60 ग्रॅमच्या मोनोग्रामला साडेतीन चौरस सेंमीसुद्धा लागत नाही, आणि आपण त्याच्या कितीतरी पट लावतो. टेप वजनाने सुटत नाही, कडेने सोलली जाऊन सुटते.

नेमकं तेच टूलबॉक्सच्या नावपट्टीचं झालं. झाकणाला हलकी गोलाई होती आणि पट्टी सपाटच दाबून चिकटवली होती. पट्टी सरळ व्हायला बघते आणि दोन्ही टोकांना टेप सतत वर ओढते. चौथ्या महिन्यात एका टोकाला नख जाईल एवढी फट पडली. दोष टेपचा नव्हता. पट्टी आधी कापडात गुंडाळून एखाद्या पाइपवर हाताने वाकवायची, झाकणावर नुसती ठेवली तरी दोन्ही टोकं टेकतील इतकी, आणि मगच टेप लावायची. असं करून पुन्हा बसवलेली पट्टी पुढचे सहा महिने हलली नाही.

टेप लावायची पद्धत साधी आहे, पण एकही पायरी गाळता येत नाही. पॉलिश किंवा वॅक्स लावलेल्या रंगावर टेप नीट धरत नाही, म्हणून ती जागा आधी सौम्य साबणाने धुवायची. मग आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि पाणी निम्मं-निम्मं घेऊन पुसायचं, एकाच दिशेने, प्रत्येक वेळी कापडाची नवी घडी घेऊन. त्यानंतर तिथे बोटसुद्धा लावायचं नाही. मोनोग्रामची मागची बाजूही अशीच पुसायची. प्लास्टिकच्या मोनोग्रामवर मागेही क्रोमचा थर उतरलेला असेल तर टेप चिकटेल, पण क्रोमच प्लास्टिकपासून सुटेल. तिथे 320 नंबरच्या पॉलिश पेपरने क्रोम घासून खालचं प्लास्टिक उघडं करायचं.

टेप कडेपासून दीड-दोन मिमी आत ठेवून कापायची, म्हणजे बाजूने दिसत नाही आणि धुताना पाण्याचा फवारा थेट तिच्या कडेवर बसत नाही. मागून पोकळ असलेल्या मोनोग्रामला नुसत्या कडेवर टेप लावून भागत नाही, कारण ती कड जेमतेम 2 मिमी रुंद असते. पोकळी टेपचे थर एकावर एक देऊन कडेच्या पातळीला आणायची आणि सगळ्यांवरून शेवटचा एक थर द्यायचा. खालच्या बाजूला 4-5 मिमीची फट मात्र मुद्दाम सोडायची. चारी बाजूंनी बंद करायचा मोह होतो, पण कुठूनतरी पाणी शिरतंच, आणि शिरलेल्या पाण्याला वाट हवी.

दाब महत्त्वाचा. ही टेप दाबाने पकड घेते, म्हणून अंगठ्याने प्रत्येक भागावर 10-15 सेकंद जोर द्यायचा. बसवताना पत्रा आणि टेप दोन्ही 20 अंशांच्या वर हवेत. थंडीत हेअर ड्रायरने पत्रा कोमट करून घ्यायचा. साधारण तापमानाला 20 मिनिटांत अर्धी पकड येते, 24 तासांत नव्वद टक्के आणि पूर्ण पकड यायला 72 तास लागतात. त्याआधी गाडी धुऊ नये.

आता रंगाचं. टेपच्या नावाने जी बोटं मोडली जातात, त्यातली कितीतरी खरं म्हणजे कच्च्या रंगाची असतात. हार्डनर घातलेला टू-के रंग दुसऱ्या दिवशी हाताला कोरडा लागतो, पण आतलं सॉल्व्हंट त्यानंतरही बाहेर पडत राहतं. त्यावर टेप लावली की ते टेपखाली अडकतं, रंग मऊच राहतो, आणि पुढे मोनोग्राम काढताना टेपबरोबर रंगही प्रायमरपर्यंत निघून येतो. भट्टीत भाजलेला रंग असेल तर एक आठवडा, हवेत वाळवलेला असेल तर महिनाभर थांबायचं. जुन्या पद्धतीच्या सिंथेटिक इनॅमलला त्याहून जास्त वेळ द्यायचा. अंगठ्याचं नख दाबून खूण उमटली तर रंग अजून तयार नाही.

डाव्या पॅनलची स्प्रिंग नटची जोडणी दिसायला मूळ गाडीसारखी, म्हणून मनाला बरी वाटते. इथे गोम भोकाची आहे. 3 मिमी खुंटीला साडेतीन ते पावणेचार मिमी भोक हवं. रंगकामात प्रायमर, रंग आणि क्लिअर (वरचा पारदर्शक थर) मिळून भोकाच्या कडेवर थर चढतो, भोक दोन-तीन दशांश मिमीने बारीक होतं आणि मोनोग्राम आत जात नाही. मग माणूस जोराने दाबतो आणि खुंटी तुटते, नाहीतर ड्रिल मशीन लावतो आणि बिट घसरून नव्या रंगावर रेघ ओढतो. भोकाभोवती मास्किंग टेप लावून बारीक गोल कानशीने हाताने, बाहेरून आतल्या दिशेनेच घासायचं. उलट्या दिशेने घासलं की रंगाचा कपचा उडतो. पत्र्याचं पॅनल असेल तर उघड्या पडलेल्या कडेला बारीक ब्रशने प्रायमर आणि रंगाचा एक हात द्यायचाच.

याआधीची आणखी एक पायरी खूपदा राहून जाते. रंगाऱ्याकडे पॅनल देताना मोनोग्रामची भोकं दाखवून द्यायची. न सांगता दिलं तर नको असलेली भोकं समजून ती पुट्टीने बुजवली जातात. भोकांत कागदाच्या सुरळ्या घालून मास्किंग टेपने खूण केली की विसर पडत नाही. पॅनलचा जुना रंग काढण्याआधी ट्रेसिंग पेपरवर भोकं आणि पॅनलच्या दोन कडा उतरवून ठेवा, डाव्या-उजव्याचा वेगळा कागद. पंखासारखे किंवा तिरकी अक्षरं असलेले मोनोग्राम बाजूप्रमाणे वेगळे असतात, आणि भोकांमधलं अंतर दोन्ही बाजूंना सारखं असेलच असं नाही.

स्प्रिंग नट खुंटीवर सरकवताना खोल सॉकेटने सरळ दाबायचा. वाकडा गेला तर एकाच दाताने धरतो आणि थरथरीने सुटतो. मोनोग्राम आणि पॅनल यांच्यामध्ये 1 मिमी मऊ फोम किंवा रबराचा पातळ तुकडा मोनोग्रामच्याच आकारात कापून ठेवायचा. हा तुकडा नसेल तर मोनोग्रामची कड रंगावर घासत राहते. दहा महिन्यांनी डाव्या मोनोग्रामखाली फक्त एका कोपऱ्यात, जिथे फोम अपुरा पडला होता, तिथे क्लिअरचा थर घासून पांढुरका झालेला निघाला. बाकी जागा नव्यासारखी. एकदा काढलेला स्प्रिंग नट परत वापरू नये. त्याचे दात बोथट होतात आणि खुंटीवर चरे पडलेले असतात. काढताना ओढायचा नाही, कटरने नटच कापायचा.

टाकीच्या स्क्रूंबाबत दोन गोष्टी. पहिली लांबीची. टाकीच्या पत्र्यावर बसवलेल्या ब्रॅकेटमध्ये किंवा बंद बॉसमध्ये (आत आटे असलेल्या, तळ बंद असलेल्या उंचवट्यात) स्क्रू जातो. स्क्रू लांब असेल तर टोक टाकीच्या पत्र्याला भिडतं, आणि आवळत राहिलं तर फुगवटा किंवा भोक. तारेने खोली मोजायची, त्यात मोनोग्रामची जाडी मिळवायची आणि एक मिमी वजा करायचा. टाकीत नवं भोक पाडायचं मात्र कुठल्याही परिस्थितीत नाही. रिकाम्या टाकीतही पेट्रोलची वाफ राहते.

दुसरी गोष्ट आट्यांची. जुन्या ब्रिटिश गाड्यांत बीए या जुन्या ब्रिटिश मापाचे आटे सापडतात. 2 बीए 4.7 मिमी व्यासाचा, पिच (दोन आट्यांमधलं अंतर) 0.81 मिमी. मेट्रिक एम5 म्हणजे 5 मिमी, पिच 0.8. पिच इतकं जवळ की एम5 स्क्रू 2 बीएच्या भोकात घुसतो, पण जुने आटे कापत. पुढे मूळ स्क्रू त्यात खुळखुळतो. बुडलेल्या डोक्याचा स्क्रू असेल तर डोक्याचा कोनही बघा. मेट्रिक 90 अंशांचा असतो, अमेरिकन 82 चा. चुकीचं डोकं मोनोग्रामच्या खाचेत फक्त कडेवर टेकतं आणि आवळताना झिंक तडकतं. मीनाकारी केलेल्या जुन्या मोनोग्रामला तर हाताने टेकेपर्यंत आणि वर पाव फेरा, बस्स. ढिला होऊ नये म्हणून आट्यावर नेलपॉलिशचा थेंब पुरतो. थ्रेडलॉकर (आटे जागेवर धरून ठेवणारा गोंद) धातूत चालतो, पण एबीएसच्या आसपास नको. त्याने प्लास्टिकला बारीक चिरा पडतात.

बाकीचे गोंद थोडक्यात. सुपरग्लूची वाफ आजूबाजूच्या चकचकीत रंगावर पांढरी धुकट छटा सोडते, आणि गोंद इतका कडक की भंगार पत्रा दोन-तीनदा वाकवल्यावर तुकडा निखळला. इपॉक्सी धरते भक्कम, तीच अडचण. 150 मिमी लांबीचा एबीएस मोनोग्राम पत्र्यावर असेल आणि तापमान 40 अंशांनी वाढलं, तर प्लास्टिक पत्र्यापेक्षा सुमारे 0.4 मिमी जास्त लांबतं. फोम टेप तेवढी सरकू देते, इपॉक्सी देत नाही, म्हणून एकतर मोनोग्राम वाकतो किंवा रंग उखडतो. सिलिकॉनमध्ये व्हिनेगरसारखा वास येणारा प्रकार झिंक आणि लोखंड गंजवतो. न्यूट्रल प्रकार त्या मानाने बरा, पण सिलिकॉनचा अंश राहिलेल्या जागेवर पुढे रंग मारला की माशाच्या डोळ्यांसारखे खड्डे पडतात.

इपॉक्सीची योग्य जागा एकच, तुटलेल्या खुंटीची दुरुस्ती. झिंकच्या मोनोग्रामची तुटकी खुंटी कानशीने सपाट करा. तिथे धातू पुरेसा जाड असेल तर 2.5 मिमी बिटने 3-4 मिमी खोल जाऊन एम3 चा टॅप (आटे पाडायचं हत्यार) फिरवा आणि बिनडोक्याचा एम3 तुकडा इपॉक्सी लावून बसवा. बिटवर टेप गुंडाळून खोलीची खूण केल्याशिवाय मशीन लावू नका, पुढचा क्रोम फोडायला अर्धा मिमीसुद्धा पुरतो. जाडी नसेल तर एम3 स्क्रूचं डोकं घासून पातळ करा, मोनोग्रामची मागची बाजू खरवडा आणि डोकं तिथे इपॉक्सीत बसवा. एबीएसच्या खुंटीला एबीएसचाच कीस ॲसिटोनमध्ये विरघळवून केलेली लापशी जास्त एकजीव होते. ती वाळायला पूर्ण दिवस द्या आणि रंगवलेल्या भागापासून लांब ठेवा.

टेपवरचा मोनोग्राम काढताना हेअर ड्रायरने मिनिटभर गरम करायचा, मग मासेमारीची नायलॉन दोरी मागून घालून करवतीसारखी ओढायची. स्क्रूड्रायव्हरने उचकटलं की पहिला बळी रंगाचा. उरलेली टेप अंगठ्याने चोळून गोळ्या करत काढता येते. थिनर आणि ॲसिटोन दूरच ठेवा, जुना लॅकर रंग त्यांत विरघळतो.

दहा महिन्यांनी मागून काय निघालं ते असं. उजव्या पॅनलची टेप कडांपर्यंत शाबूत, खालच्या फटीतून आलेली थोडी धूळ, बस. टाकीच्या डाव्या मोनोग्रामखाली काही नाही. उजव्याखाली मात्र वरच्या स्क्रूभोवती गंजाचं तपकिरी कडं. झाकणातून सांडलेलं पेट्रोल त्याच बाजूने ओघळतं. त्याने रबराचा तुकडा फुगून एका बाजूला सरकला होता, स्क्रूभोवतीची जागा उघडी पडली आणि पाणी तिथे बसून राहिलं. आता त्या जागी पेट्रोलला टिकणाऱ्या नायट्राइल रबराचा 1 मिमी तुकडा आहे, खालच्या टोकाला खाच कापलेला, आणि स्क्रूच्या आट्यांना पातळ वॅक्स. टाकी भरली की त्या बाजूने एकदा कापड फिरवायचं, आणि वर्षातून एकदा तो वरचा स्क्रू काढून बघायचा.