दूषित भूखंडाची तपासणी आणि सरकारी निधीचा प्रस्ताव : सांगलीत घेतलेल्या एका सल्लागार सेवेचे परीक्षण

शहरातील जुन्या कारखान्याची जागा साफ करून तिथे बांधकाम करायचे असेल आणि त्यासाठी सरकारी निधी मिळतो का हे पाहायचे असेल, तर मातीची तपासणी व प्रस्ताव ही दोन्ही कामे एकाच सल्लागाराकडे द्यावीत की नाहीत, असा प्रश्न आमच्या सहकारी संस्थेपुढे होता. आम्ही ती एकाच ठिकाणी दिली. त्यातील तपासणीचे काम उत्तम झाले, तर प्रस्तावाचे काम समाधानकारक असले तरी अपुरे राहिले.

आमचा भूखंड पूर्वी क्रोम प्लेटिंगच्या, म्हणजे धातूवर क्रोमियमचा मुलामा देणाऱ्या कारखान्याला भाड्याने दिलेला होता. कारखाना बंद पडला, चालकाचा ठावठिकाणा उरला नाही, आणि गाळ्यांच्या पायासाठी घेतलेल्या चाचणी खड्ड्यात पिवळे पाणी साचले. सभेत काहींनी निधीसाठी स्वच्छ भारत अभियानाचा मार्ग सुचवला होता. सल्लागारांनी पहिल्याच बैठकीत तो स्पष्ट शब्दांत नाकारला, आणि या एका सल्ल्यानेच आमचा बराच काळ वाचला. 2021 पासूनच्या अभियानाच्या दुसऱ्या टप्प्यात 1 ते 10 लाख लोकवस्तीच्या शहरांना घनकचऱ्यासाठी 33 टक्के केंद्रीय साहाय्य आहे आणि आपली महापालिका त्याच गटात येते. पण ते साहाय्य महापालिकेच्या समडोळी रोड किंवा बेडग रोडच्या कचरा डेपोवर साठलेल्या जुन्या कचऱ्यासारख्या कामासाठी असते, कारखान्याच्या रसायनाने बिघडलेल्या मातीसाठी नव्हे.

आमच्यासारख्या जागेला लागू होतात ते केंद्राने जुलै 2025 मध्ये अधिसूचित केलेले दूषित स्थळांच्या व्यवस्थापनाचे नियम. त्यांनुसार स्थानिक स्वराज्य संस्था किंवा जिल्हा प्रशासन संशयित जागांची सहामाही यादी राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे पाठवते, मंडळ 90 दिवसांत प्राथमिक पाहणी करते आणि त्यानंतर गरजेप्रमाणे सविस्तर तपासणी होते. खर्च मुळात प्रदूषण करणाऱ्याचा. तो सापडत नसेल किंवा त्याची ऐपत नसेल, तरच केंद्र व राज्य सरकारने तो उचलायचा असतो. म्हणजे निधी मागण्यापूर्वी दोन गोष्टी कागदोपत्री सिद्ध कराव्या लागतात : जमीन खरोखर दूषित आहे, आणि ती दूषित करणाऱ्याकडून वसुली शक्य नाही.

दुसऱ्या गोष्टीसाठी सल्लागारांनी केलेली मेहनत मला फार मोलाची वाटली. मालमत्ता पत्रक, फेरफार, भाडेकरार, वीजजोडणीची जुनी नोंद आणि प्रदूषण नियंत्रण मंडळाने कारखाना चालवण्यासाठी दिलेली जुनी संमतीपत्रे त्यांनी एका तक्त्यात वर्षवार मांडली, त्यामुळे कोणत्या काळात तिथे कोण काय करत होते याबद्दल वादाला जागा उरली नाही. मालक म्हणून आमच्या संस्थेवर कोणती जबाबदारी येऊ शकते, हेही त्यांनी आडपडदा न ठेवता लिहिले. ते वाचताना काही संचालक नाराज झाले, पण ते लिहिणे आवश्यकच होते.

मातीचे नमुने घेताना मी स्वतः हजर होतो. आपल्याकडची काळी जमीन उन्हाळ्यात भेगाळते आणि सांडलेले पाणी त्या भेगांतून खोल उतरते, म्हणून त्यांनी वरची माती खरवडून न थांबता प्रत्येक ठिकाणी वेगवेगळ्या खोलीवरचे नमुने स्वतंत्र ठेवले. सगळी माती एकत्र कालवली की दूषित थराचा आकडा सौम्य दिसतो, हे त्यांनी आम्हाला जागेवरच समजावले. बाटल्यांवर जागा, खोली आणि वेळ लिहून त्या बर्फाच्या पेटीत ठेवल्या गेल्या, आणि प्रयोगशाळेपर्यंत कोणाच्या हातून गेल्या याची सहीनिशी नोंद झाली. शेजारच्या बोअरचे पाणीही तपासले, कारण पिण्याच्या पाण्यात एकूण क्रोमियमची मर्यादा लिटरला 0.05 मिलिग्रॅम आहे आणि आसपासची घरे ते पाणी वापरतात. 2019 च्या पुरात पाणी शिरलेल्या शहरात, अशी माती पुन्हा पुराखाली गेली तर काय होईल याचे टिपणही अहवालात असायला हवे होते. आम्ही मागितल्यावर ते जोडले गेले.

उणीव आहे ती खर्चाच्या भागात. माती उचलून पुणे जिल्ह्यातील रांजणगावच्या घातक कचरा प्रकल्पात नेणे आणि जागेवरच फेरस सल्फेटसारख्या रसायनाने विषारी क्रोमियमचे कमी घातक रूपात रूपांतर करणे, असे दोन पर्याय त्यांनी दिले. पण सफाईनंतर काही वर्षे भूजल तपासत राहण्याचा खर्च दोन्हींत धरलेला नव्हता. निधी देणारे कार्यालय हा प्रश्न विचारणारच. शिवाय संपूर्ण अहवाल इंग्रजीत होता आणि मराठी गोषवारा मागूनही उशिरा आला, त्यामुळे सर्वसाधारण सभेत सभासदांना निर्णयापूर्वी तो नीट वाचता आला नाही. ज्यांच्या जमिनीचा आणि आरोग्याचा प्रश्न आहे, त्यांना समजेल अशा भाषेत कागद वेळेवर देणे हा या सेवेचाच भाग आहे, असे माझे ठाम मत आहे.

तरीही जुना कारखाना, गॅरेज किंवा बॅटरी-भंगाराची जागा ताब्यात असलेल्या संस्थांनी तपासणीसाठी या प्रकारची सेवा जरूर घ्यावी. करार करताना तपासणीचे शुल्क आणि प्रस्तावाचे शुल्क वेगळे ठेवावे, निधी मंजूर होण्याशी तपासणीचे शुल्क बांधू नये, आणि मराठी गोषवारा व सफाईनंतरच्या देखरेखीचा खर्च या दोन बाबी कामाच्या यादीत आधीच लिहून घ्याव्यात.