जिजी बरी की 'झिम्मा'तली बाई?
आमच्या साताऱ्याकडची म्हातारी बाई पडद्यावर पाहायची तर मालिका बरी की सिनेमा? माझं मत मालिकेकडे झुकतं, तेही एकाच मालिकेमुळे. 'लागिरं झालं जी' (२०१७) मधली आजी, म्हणजे जिजी, साकारणाऱ्या कमल ठोके कराडच्या, निवृत्त शिक्षिका होत्या. त्यामुळे तिचं बोलणं थेट आमच्या चुलतीचं वाटायचं, हेल कुणी शिकवलेला नव्हता. एरवी मालिकेतली सासू म्हणजे चुलीपुढंही जरीची साडी नि दर वाक्याला धडाम् संगीत. साताऱ्यात राजवाड्यापासून पोवई नाक्यापर्यंत अशी बाई मला तरी भेटलेली नाही.

पण मालिकेत म्हातारी रोज दिसते नि तिची स्वतःची गोष्ट मात्र नसते. नातवाच्या लग्नाची काळजी, संपलं. सिनेमात उलटं. 'झिम्मा'त (२०२१) सुहास जोशी इंग्लंडच्या सहलीला जातात, 'बाईपण भारी देवा'त (२०२३) रोहिणी हट्टंगडी बहिणींबरोबर मंगळागौरीच्या स्पर्धेत उतरतात. दोन-अडीच तास का होईना, बाईला हौस असते. फक्त ती हौस शहरातली. गुडघा धरून एसटीची पायरी चढणारी तिथं नाही.

जिजी एकदा सहलीला निघालेली मला पाहायची होती.