काउंटी कोर्टाच्या नोंदी: घरबसल्या पोर्टल, कोर्टाची खिडकी की पैसे घेणारी वेबसाइट?

गेल्या वर्षभरात ओळखीच्या तीन घरांतून मला जवळजवळ एकच प्रश्न आला. एका घरी स्वयंपाकघराचं काम काढायचं होतं आणि ठरवत आणलेल्या कंत्राटदारावर कुणी दावे लावले आहेत का, हे बघायचं होतं. दुसऱ्या घरी नागरिकत्वाचा अर्ज भरणं चाललं होतं. पंधरा वर्षांपूर्वी दुकानातल्या एका प्रकारावरून लागलेला किरकोळ खटला रद्द झाला होता, त्याचा कागद हवा होता. तिसऱ्या घरातल्या मुलाला भाड्याचं घर नाकारलं गेलं, कारण त्याच्याच नावाच्या कुणाची तरी केस त्याच्या माथी लागली होती. तिघंही कॅलिफोर्नियात, सांता क्लारा काउंटीत (काउंटी म्हणजे आपल्याकडच्या जिल्ह्यासारखा भाग) राहणारी. तिघांनाही मी वेगवेगळी वाट सांगितली, आणि ती वेगळी का, हेच इथे लिहितो आहे.

आधी एक गैरसमज दूर करू. महाराष्ट्रातून आलेल्या माणसाला ई-कोर्ट्सची सवय असते. राज्य निवडा, जिल्हा निवडा, नाव टाका, देशभरच्या जिल्हा न्यायालयांचं एकच दार. इथे तसं नाही. कॅलिफोर्नियात ५८ काउंट्या आणि प्रत्येकीचं आपलं सुपिरियर कोर्ट, म्हणजे काउंटीचं न्यायालय. वेबसाइट वेगळी, शोधायची पद्धत वेगळी, काय फुकट दाखवायचं आणि कशाचे पैसे घ्यायचे तेही वेगळं. लॉस एंजेलिसचं कोर्ट नुसत्या नावाने शोधायलाही पैसे घेतं. सनीव्हेल सांता क्लारा काउंटीत येतं आणि अर्ध्या तासावरचं फ्रीमाँट अलामेडा काउंटीत. फ्रीमाँटची केस सांता क्लाराच्या पोर्टलवर, म्हणजे कोर्टाच्या केस शोधायच्या वेबसाइटवर, जन्मात दिसणार नाही. म्हणून आधी कागद घेऊन बसा आणि तो माणूस कुठल्या कुठल्या काउंटीत राहिला, कुठे धंदा केला, ते लिहून काढा. हे न करता "काही सापडलं नाही" म्हणून निश्चिंत झालेली माणसं मी पाहिली आहेत.

घरून पोर्टल

दिवाणी दाव्यांसाठी सुरुवात इथूनच करावी. केस उघडली की तारीखवार यादी दिसते: दावा कधी दाखल झाला, समन्स कधी बजावलं, कुठला अर्ज आला, कोर्टाने काय केलं. आपल्याकडच्या रोजनाम्याशी याचं जवळचं नातं आहे. कंत्राटदार, घरमालक, भागीदार, कुणाचाही अंदाज घ्यायला ही यादी पुष्कळ आहे.

पण पोर्टलवर सगळं दिसत नाही आणि ते मुद्दाम तसं ठेवलेलं आहे. कॅलिफोर्निया रूल्स ऑफ कोर्टमधला नियम २.५०३ सांगतो की दिवाणी केसचे कागद घरबसल्या दाखवता येतील, पण फौजदारी, कौटुंबिक, पालकत्वाच्या आणि छळापासून संरक्षण मागणाऱ्या केसचे कागद सार्वजनिक असले तरी कोर्टाच्या इमारतीत येऊनच बघायचे. मला हा नियम पटतो. घटस्फोटाच्या फाइलमध्ये पगार, मुलांच्या शाळा, नवरा-बायकोचे एकमेकांवरचे आरोप असं सगळं असतं. ते पाहायला निदान गाडी काढून जावं लागावं, यात गैर काही नाही.

खरी अडचण नावाची. आपली नावं इंग्रजीत कशी उतरतील याचा नेम नाही. वाघ कुणी व्हीने लिहितं, कुणी डब्ल्यूने. दीक्षित दोन-तीन तऱ्हांनी येतात. वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव मधे असतं, कधी ते आडनावाच्या जागी जाऊन बसतं. लग्नानंतर नाव बदललेल्या बाईची जुनी केस माहेरच्या नावावर असते. म्हणून एका नावाने शोधून थांबू नका, चार तऱ्हांनी शोधा. कंत्राटदार असेल तर आधी राज्याच्या परवाना मंडळाच्या, म्हणजे सीएसएलबीच्या, वेबसाइटवर जा. तिथे त्याच्या धंद्याचं कायदेशीर नाव, परवान्याची स्थिती आणि २५,००० डॉलरचा हमीचा बाँड चालू आहे का, हे दिसतं. मग ते धंद्याचं नाव आणि माणसाचं नाव, दोन्ही पोर्टलवर टाका.

उलटी अडचण म्हणजे एकाच नावाची दहा माणसं. जन्मतारीख टाकून यादी गाळता येईल असं वाटतं, पण तेही होत नाही. रिव्हरसाइड काउंटीच्या कोर्टाविरुद्धच्या एका प्रकरणात २०२१ मध्ये अपील न्यायालयाने ठरवलं की फौजदारी केसच्या इलेक्ट्रॉनिक सूचीत जन्मतारीख किंवा ड्रायव्हिंग लायसन्सचा नंबर टाकून शोधू देणं नियमात बसत नाही. तेव्हा जोशी, कुलकर्णी, पाटील ही नावं दिसली म्हणजे आपलाच माणूस, असं धरून चालू नका.

आणि जे सापडेल ते नीट वाचा. दावा दाखल होणं म्हणजे दोष सिद्ध होणं नव्हे. "डिसमिस्ड विथ प्रेज्युडिस" म्हणजे तोच दावा पुन्हा लावता येत नाही, बऱ्याचदा तडजोड झालेली असते. "विदाउट" असेल तर दार उघडं आहे. "डिफॉल्ट जजमेंट" म्हणजे समोरचा उत्तर द्यायला फिरकलाच नाही. त्यानंतर पैसे चुकते केल्याची, म्हणजे "सॅटिस्फॅक्शन ऑफ जजमेंट"ची नोंद आहे का, ते मी आवर्जून बघतो. वीस वर्षं धंदा करणाऱ्यावर एखाददुसरा दावा असणं मी मनावर घेत नाही. दोन वर्षांत पाच स्मॉल क्लेम्स, म्हणजे छोट्या रकमांचे दावे, आणि एकातही पैसे चुकते केल्याची नोंद नसेल, तर मी त्या माणसाला घराची किल्ली देणार नाही.

कोर्टाची खिडकी

सॅन होजेत दिवाणी कामाची इमारत १९१ नॉर्थ फर्स्ट स्ट्रीटवर, तिच्या शेजारी २०१ नंबरला कौटुंबिक कोर्ट, आणि फौजदारी काम वेस्ट हेडिंग स्ट्रीटवरच्या हॉल ऑफ जस्टिसमध्ये. चुकीच्या इमारतीत रांग लावली तर सकाळ वाया जाते, म्हणून पत्ते लिहिले. आत जाताना विमानतळासारखी तपासणी होते. क्लर्कच्या खिडकीशी केस नंबर घेऊन गेलात तर काम झटपट होतं. नुसतं नाव घेऊन गेलात आणि शोधायला दहा मिनिटांहून जास्त वेळ लागला, तर १५ डॉलर शोध-फी लागते. साध्या प्रतीला पानामागे ५० सेंट, आणि ती प्रमाणित करून घ्यायची तर वर ४० डॉलर. घटस्फोटाच्या हुकूमनाम्याची प्रमाणित प्रत मात्र १५ डॉलरला मिळते. हे दर राज्याच्या कायद्यातच असल्याने काउंटी बदलली तरी तेच. परवडत नसेल तर फी माफीचा अर्ज, एफडब्ल्यू-००१, मागून घ्या.

४० डॉलर कशाचे, असं पुष्कळांना वाटतं. पोर्टलवरून छापलेला कागद आणि खिडकीवरचा कागद यांत मजकूर एकच असेल, पण दुसऱ्याच्या पाठीवर किंवा शेवटच्या पानावर क्लर्कचा शिक्का, तारीख, सही असते. आपल्याकडे कोर्टातून नक्कल काढतात तीच ही गोष्ट. नागरिकत्वाच्या एन-४०० अर्जाबरोबर इमिग्रेशन खातं हाच शिक्क्याचा कागद मागतं. केस रद्द झाली, पुढे रेकॉर्ड "एक्स्पंज" झालं, म्हणजे कोर्टाने ते पुसून टाकल्यासारखं केलं, तरी त्या अर्जात ती सांगावीच लागते. त्यामुळे "आता दिसतच नाही तर कशाला लिहा" हा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका, आणि फौजदारी प्रकरण असेल तर अर्ज भरण्याआधी इमिग्रेशनचा वकील गाठाच.

आता त्या पंधरा वर्षांपूर्वीच्या खटल्याकडे येतो. कोर्ट फायली कायम ठेवत नाही. कॅलिफोर्नियात साध्या मिसडिमिनरची, म्हणजे किरकोळ गुन्ह्याची, फाइल सर्वसाधारणपणे ५ वर्षांनी नष्ट करता येते, काही गुन्ह्यांची १० वर्षांनी. दिवाणी दाव्यांची आणि स्मॉल क्लेम्सची मुदत १० वर्षं, कौटुंबिक केसची ३०. आमच्या परिचितांनी खिडकीवर विचारलं तेव्हा फाइल शिल्लक नव्हती. ते घाबरून गेले, पण उपाय होता. कोर्टाने ती नोंद आता अस्तित्वात नसल्याचं शिक्क्याचं पत्र दिलं आणि तेच अर्जाला जोडलं. याच्या जोडीला राज्याच्या न्याय खात्याकडून बोटांच्या ठशांवर स्वतःच्या गुन्हेविषयक नोंदींचा उतारा मागवता येतो. त्याची सरकारी फी २५ डॉलर, ठसे घेणाऱ्याचे पैसे वेगळे.

यावरून मी आता प्रत्येकाला एक गोष्ट पोटतिडकीने सांगतो. तुमची किंवा घरातल्या कुणाची केस संपली असेल, ती कितीही क्षुल्लक असो, त्याच आठवड्यात दोन प्रमाणित प्रती काढा आणि पासपोर्टांच्या फाइलमध्ये ठेवा. दहा वर्षांनी तो कागद खिडकीवर मिळेलच असं नाही.

खिडकीची वाट सगळ्यात सावकाशीची आहे, हे मान्य. जुनी फाइल गोदामातून मागवावी लागली तर दिवस, कधी आठवडेही जातात. दूर राहत असाल तर टपालाने अर्ज करता येतो. केस नंबर, फीचा चेक आणि स्वतःचा पत्ता घातलेलं तिकीट लावलेलं पाकीट सोबत द्यायचं.

पैसे घेणाऱ्या वेबसाइट

नाव टाइप केलं की "धक्कादायक नोंदी सापडल्या" म्हणत गोल फिरवत बसवणाऱ्या या जागा. त्या कोर्टांकडून, काउंट्यांकडून माहिती गठ्ठ्याने घेतात आणि नावावरून जुळवतात. त्यांचा एकच फायदा आहे: माणूस कुठल्या काउंट्यांत राहिला असावा याचा अंदाज येतो. तेवढ्यासाठी वापरल्या तर मी समजू शकतो, मात्र दर महिन्याला कार्डावर पडणारं बिल बंद करायला विसरू नका.

त्यावर विसंबून निर्णय घ्यायला माझा ठाम विरोध आहे. एक तर जुळणी नावावर. दुसरं म्हणजे कोर्टातली नोंद बदलली तरी त्यांच्याकडची प्रत बदलेलच असं नाही. कॅलिफोर्नियात पात्र असलेल्या जुन्या अटकेच्या आणि शिक्षेच्या नोंदींना आपोआप दिलासा देणारा कायदा आहे, पण शिळ्या गठ्ठ्यात ती नोंद तशीच राहू शकते. आणि तिसरं म्हणजे कायदा. भाडेकरू किंवा नोकर निवडण्यासाठी पार्श्वभूमी तपासायची तर १९७० चा फेअर क्रेडिट रिपोर्टिंग अ‍ॅक्ट पाळणारी संस्थाच लागते. "लोक शोधा" छापाच्या वेबसाइट स्वतःच बारीक अक्षरांत लिहितात की आमची माहिती भाडेकरू किंवा नोकरीच्या निवडीसाठी वापरू नका. घराची एक खोली भाड्याने देणाऱ्या आपल्या मंडळींनी ते अक्षर वाचायला हवं.

तिन्हींच्या बाहेर राहणारं

दिवाळखोरी काउंटीत शोधू नका. ती फेडरल, म्हणजे केंद्राच्या, कोर्टाचा विषय आहे आणि पेसर नावाच्या यंत्रणेवर दिसते. पानाला १० सेंट, एका कागदाला जास्तीत जास्त ३ डॉलर, आणि तीन महिन्यांत ३० डॉलरपर्यंतचा वापर असेल तर बिलच येत नाही. कुणाबरोबर भागीदारीत पैसे घालणार असाल तर पेसर बघितल्याशिवाय सही करू नका. घराची खरेदीखतं आणि घरावरचे बोजे काउंटी रेकॉर्डरकडे, म्हणजे दस्तनोंदणीच्या कचेरीत, असतात, कोर्टाकडे नाही. घर खाली करण्याच्या दाव्यांच्या नोंदी सुरुवातीला झाकलेल्या असतात, आणि घरमालक ६० दिवसांत जिंकला नाही तर साधारणपणे झाकलेल्याच राहतात. अल्पवयीन मुलांच्या केस तर बंदच.

कंत्राटदाराचं काम पोर्टलवर एका संध्याकाळी उरकलं. त्याच्यावर एक जुना दावा होता, पैसे चुकते केल्याची नोंद होती, काम त्यालाच दिलं. तिसऱ्या घरातल्या मुलाचं प्रकरण मात्र महिनाभर पुरलं. नकार देणाऱ्यांनी कायद्याप्रमाणे कळवायला हवं होतं की नकार कुठल्या संस्थेच्या अहवालावरून दिला. ते पत्र मागून घ्यावं लागलं. मग त्या संस्थेकडून अहवालाची प्रत मागवली. त्यावर केस नंबर होता, पण काउंटी भलतीच, जिथे हा कधी राहिलाच नव्हता. तो सुटी काढून त्या कोर्टात गेला आणि इमारतीतल्या संगणकावर फाइल उघडली. नाव तेच, आडनाव तेच, मधलं नाव वेगळं. खटल्याची तारीख अशी की त्या वेळी हा पुण्यात इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला होता. पहिल्या पानाची प्रमाणित प्रत, पासपोर्टवरचा अमेरिकेत पहिल्यांदा आल्याचा शिक्का आणि कॉलेजची गुणपत्रिका असं जोडून त्याने तक्रार पाठवली. अशा तक्रारीची फेरतपासणी साधारण ३० दिवसांत करणं कायद्याने बंधनकारक आहे. नोंद काढल्याचं पत्र आलं, तोवर ते घर दुसऱ्याला गेलं होतं. पुढच्या घराच्या अर्जाला त्याने ते पत्र आधीच जोडलं.