कूलर लावला की वायफाय जायचे: ड्युअल बँड राउटरचा नऊ महिन्यांचा अनुभव

परभणीच्या जुन्या वस्तीतले आमचे घर दगडी बांधणीचे आहे. मध्ये चौक, चौकाच्या एका अंगाला बैठक, समोरच्या अंगाला मुलीची अभ्यासाची खोली आणि भिंती दोन-दोन फूट जाडीच्या. फायबरची तार बैठकीत येते आणि तिथल्याच कोनाड्यात राउटर ठेवलेला असे. मुलीचे ऑनलाइन वर्ग मध्येच तुटत आणि जीएसटीचे विवरणपत्र भरताना 20 तारखेच्या आदल्या रात्री माझे पान अडकून बसे (त्या रात्री ते संकेतस्थळ स्वतःच संथ असते, हे धरूनही). म्हणून गेल्या दिवाळीत मी एसी 1200 वर्गाचा ड्युअल बँड राउटर, म्हणजे 2.4 आणि 5 गिगाहर्ट्‌झ अशा दोन लहरपट्ट्यांवर (बँडवर) वायफाय देणारा, विकत घेतला. नऊ महिने वापरल्यानंतर माझे मत असे आहे की यंत्र चांगले आहे. मात्र ज्या दुखण्यांसाठी ते आणले, त्यांतील निम्म्याहून अधिक त्याच्या हातातली नव्हतीच.

हे कळायला उशीर झाला, कारण आमच्याकडे प्रत्येक बिघाडाला एकच नाव होते, ‘नेट गेले’. सेवा देणाऱ्या कंपनीला फोन केला की राउटर बंद करून पुन्हा चालू करण्याचा सल्ला मिळे, आणि तसे केल्यावर थोडा वेळ बरे चाले, त्यामुळे तो सल्ला खराही वाटे. शेवटी एका भाच्याने सुचवलेली साधी चाचणी उपयोगी पडली. लॅपटॉपवर दोन खिडक्या उघडून एकीत राउटरच्या पत्त्याला, म्हणजे आमच्याकडे 192.168.1.1 ला, आणि दुसरीत 8.8.8.8 ला, म्हणजे बाहेरच्या इंटरनेटवरच्या गूगलच्या एका सर्व्हरला, सतत पिंग (छोटा संदेश पाठवून उत्तर किती वेळात येते ते मोजणे) चालू ठेवायचे. पहिल्या खिडकीतले उत्तर दोन-चार मिलिसेकंदांत येत असेल आणि दुसरीतले बंद झाले असेल, तर दोष राउटरच्या पलीकडच्या लाइनमध्ये आहे. पहिल्याच खिडकीत उत्तर 300-400 मिलिसेकंदांवर गेले किंवा येईनासे झाले, तर दोष घरातल्या वायफायमध्ये आहे. आठवडाभर हे पाहिल्यावर असे दिसले की दहापैकी आठ वेळा पहिलीच खिडकी अडखळत होती, आणि तोवर मी तक्रारी मात्र लाइनबद्दल करत होतो.

रात्री आठ ते दहाच्या वेळेतली अडचण नव्या राउटरने खरोखर सोडवली. फोनवरच्या वायफाय तपासणीच्या अॅपमध्ये आमच्या गल्लीतली चौदा नेटवर्क दिसत होती आणि त्यांतली बहुतेक 2.4 गिगाहर्ट्‌झच्या सहाव्या चॅनेलवर (बँडमधल्या एका उपपट्टीवर) दाटीने बसलेली होती. या बँडमध्ये 1, 6 आणि 11 हे तीनच चॅनेल एकमेकांवर न चढता चालतात, तेही रुंदी 20 मेगाहर्ट्‌झ ठेवली तर. नवा राउटर मुळात 40 मेगाहर्ट्‌झवर आणि स्वयंचलित निवडीवर होता; मी त्याला 20 वर आणून पहिल्या चॅनेलवर बांधून टाकले. 5 गिगाहर्ट्‌झसाठी 36 वा चॅनेल दिला, कारण 52 ते 64 या चॅनेलांवर राउटरला रडारची चाहूल घेत राहावे लागते आणि तशी चाहूल लागली की जागा सोडावी लागते. दोन्ही बँडना वेगळी नावे दिली, कारण एकाच नावाखाली ठेवले की फोन दूर गेल्यावरही एकाच बँडला चिकटून राही. बैठकीत आता 5 गिगाहर्ट्‌झवर 100 एमबीपीएसच्या योजनेत 90 च्या वर वेग मिळतो; 2.4 वर तो 30 च्या आसपास राहतो आणि तेवढा घरातल्या कॅमेऱ्याला पुरेसा आहे.

यानंतर चार महिने सुखाचे गेले. गुढीपाडव्यानंतर आठवडाभरात मुलीच्या खोलीतले वायफाय दुपारी जाऊ लागले, आणि तेही अकरा ते पाच या वेळेतच. माझा पहिला संशय उन्हावर होता. राउटरच्या माहितीपत्रकात 40 अंश सेल्सियसपर्यंतचे तापमान चालते असे छापलेले आहे आणि परभणीची एप्रिलमधली दुपार त्याच्या पुढे सहज जाते. शिवाय कोनाड्यात हवा खेळत नाही, यंत्राला हात लावला तर चटका बसे. म्हणून त्याला बाहेर काढून टेबलफॅनसमोर ठेवले. यंत्र थंड झाले, पण खोलीतली रेंज तसूभर हलली नाही. मग आकडे लिहून ठेवायला सुरुवात केली. सकाळी मुलीच्या टेबलावर 2.4 चा सिग्नल उणे 64 डीबीएम, दुपारी उणे 80 (डीबीएम हे सिग्नलच्या ताकदीचे माप; उणे आकडा जितका मोठा, तितका सिग्नल कमजोर). व्हिडिओ वर्गासाठी उणे 67 च्या आसपास तरी हवा. उणे 80 ला फोनवर चिन्ह दिसते, पण काम होत नाही.

उत्तर आमच्या कामवाल्या मावशींनी नकळत दिले. एके दिवशी दुपारी टाकी धुवायची म्हणून त्यांनी कूलर खिडकीतून बाजूला ओढला आणि त्याच क्षणी मुलीचा वर्ग सुरळीत झाला. सिग्नल दोन फुटी दगडी भिंतीतून कधी येतच नव्हता. तो बैठकीच्या दारातून चौक ओलांडून अभ्यासाच्या खोलीच्या खिडकीतून आत येई. त्याच खिडकीत आम्ही उन्हाळ्यात पत्र्याचा कूलर बसवतो. पत्रा रेडिओ लहरी परतवतो, आणि तळातले पाणी व भिजलेल्या जाळ्या उरलेल्या लहरी शोषून घेतात. सकाळी कूलर स्टँडसकट बाजूला असे, अकराला खिडकीशी येई आणि पाचला पुन्हा सरके. वेळापत्रक तंतोतंत जुळत होते. राउटरला मी महिनाभर विनाकारण दोष दिला होता.

यावर पहिला उपाय म्हणून मी भिंतीत खोचायचा एक रेंज एक्स्टेंडर आणला आणि ती माझी चूक होती. एकच रेडिओ ऐकतो आणि तोच पुढे बोलतो, त्यामुळे वेग निम्म्यावर येतो; त्यात त्याला ठेवायला चौकाच्या मधोमध जागा हवी होती आणि तिथे तुळशीवृंदावन आहे. शेवटी वीस मीटर कॅट 6 केबल वळचणीखालून प्लास्टिकच्या नळीतून नेली आणि जुना राउटर अभ्यासाच्या खोलीत अॅक्सेस पॉइंट म्हणून, म्हणजे केबलने आलेले नेट फक्त वायफायवर देण्यासाठी, लावला. त्याचे डीएचसीपी (यंत्रांना पत्ते वाटण्याचे काम, जे मुख्य राउटर करतोच) बंद केले, पत्ता 192.168.1.2 केला, केबल त्याच्या वॅनऐवजी (बाहेरच्या लाइनच्या पोर्टाऐवजी) लॅन, म्हणजे घरातल्या यंत्रांच्या, पोर्टमध्ये खोचली आणि त्याला 11 वा चॅनेल दिला. तेव्हापासून कूलर कुठेही असो, खोलीत उणे 45 च्या आसपास सिग्नल असतो.

लाइनचा खरा दोष नऊ महिन्यांत दोनदाच आढळला. जूनमधल्या पहिल्या वादळी पावसानंतर फायबर ज्या पेटीत येते, तिच्यावरचा लाल दिवा लुकलुकू लागला. लाइनमनने मापकावर आलेला प्रकाश उणे 29 डीबीएम दाखवला. अशा पेटीला साधारण उणे 8 ते उणे 27 च्या दरम्यानचा प्रकाश लागतो. खांबावरच्या तारेला वानरे लोंबकळतात, त्यामुळे तिथला जोड ताणला गेला होता. त्याने तो नव्याने जोडला आणि आकडा उणे 21 वर आला, म्हणजे प्रकाश सहा पटींहून अधिक वाढला. दुसऱ्या खेपेला दोष घरातच सापडला: जास्तीची फायबर कुणीतरी खिळ्याला घट्ट गुंडाळून ठेवली होती, आणि एवढ्या आवळलेल्या वळणातून प्रकाश बाहेर गळतो. दोन्ही वेळा पिंगच्या नोंदी हातात असल्यामुळे तक्रार ऐकून घेतली गेली.

विजेचे दुखणे निराळेच होते. वीज गेल्यावर इन्व्हर्टर चालू व्हायला जो क्षण लागे, त्यात राउटर आणि फायबरची पेटी दोन्ही नव्याने सुरू होत आणि दोन-तीन मिनिटे वाया जात. इन्व्हर्टरमागचे बटण यूपीएस मोडवर केल्यावर हे कमी झाले आणि 12 व्होल्टचा लहान यूपीएस लावल्यावर पूर्ण थांबले. तो घेताना दोन्ही यंत्रांच्या अडॅप्टरवरील अँपिअरची बेरीज करून घ्यावी.

राउटरची खरी उणीव मे महिन्यात उघड झाली. 150 एमबीपीएसची योजना घेतली, तरी केबल लावूनही वेग 94 च्या वर जाईना. खोक्यावर 1200 असे ठळक छापलेले असले, तरी ती 300 आणि 867 या दोन बँडच्या कागदी वेगांची गोळाबेरीज आहे. या मॉडेलची पोर्टे मात्र 100 एमबीपीएसचीच आहेत आणि ते बारीक अक्षरात लिहिलेले होते. मी जुन्या योजनेवर परत आलो. 100 पर्यंतच्या योजनेसाठी हा राउटर खुशाल घ्यावा, नऊ महिन्यांत तो दोनदाच अडकला. त्याहून मोठी योजना असेल तर गिगाबिट पोर्टाचेच मॉडेल मागावे. एक्स्टेंडर फडताळात पडून आहे आणि भाच्यालाही तो नको आहे.