समुद्री शेवाळाच्या कॅप्सूल: घटक कोणते, तेच डबीवर नाही

नागपूरच्या सीताबर्डीवरील एका औषधाच्या दुकानातून घेतलेल्या 60 कॅप्सूलच्या या डबीवर 'समुद्रातील जैवसक्रिय घटक' असे ठळक छापलेले आहे. परंतु ते घटक कोणत्या रासायनिक वर्गातील, याचा पत्ता मागच्या बारीक मजकुरातही लागत नाही. तपकिरी शेवाळात फ्युकॉइडन ही सल्फेटयुक्त बहुशर्करा, फ्युकोझँथिन हे कॅरोटिनॉइड रंगद्रव्य आणि फ्लोरोटॅनिन ही पॉलिफिनॉल आढळतात. पहिले पाण्यात विरघळते, दुसरे तेलात, त्यामुळे प्रत्येकाचे प्रमाण मिलिग्रॅममध्ये देणे आवश्यक होते. शेवाळात असणाऱ्या आयोडीनचाही आकडा नाही, आणि त्याचा थायरॉइडवर परिणाम होत असल्याने थायरॉइडच्या रुग्णांचा विचार करता ही त्रुटी मला सर्वांत गंभीर वाटते.

एक कॅप्सूल फोडून कोमट पाण्यात टाकली, तेव्हा हिरवट तपकिरी भुकटी फुगून बुळबुळीत झाली आणि वास थेट सुकटीच्या डब्याचा आला. म्हणजे माल शेवाळाचा असावा, एवढे मान्य करतो.

सोबतच्या पत्रकात मात्र कर्करोगावरील समुद्री औषधांचा दाखला दिला आहे. अमेरिकेत 1969 मध्ये मान्यता मिळालेले सायटाराबिन समुद्री स्पंजातील न्यूक्लिओसाइडांवरून (डीएनएच्या घटकांसारख्या रेणूंवरून) सुचले, तर ट्रॅबेक्टेडिन हे अल्कलॉइड (नायट्रोजनयुक्त सेंद्रिय संयुग) समुद्री कंचुकी प्राण्यात, म्हणजे पिशवीसारख्या आवरणाच्या जीवात, सापडले. शेवाळाशी दोन्हींचा संबंध नाही. शिवाय नागपूरच्या मे महिन्यात उरलेल्या कॅप्सूल एकमेकींना चिकटून त्यांचा गोळा झाला. पाचपैकी दोन तारे, तेही झाकण घट्ट बसते म्हणून.