ठासणीच्या बंदुकीची दुरुस्ती : एका दुकानाचा अनुभव

रानडुकरांनी भातखाचर उकरल्यावर आजोबांच्या काळापासून घरात असलेली, शेतीसंरक्षण परवान्याची ठासणीची (नळीच्या तोंडातून दारू ठासून भरायची) बंदूक मी सिंधुदुर्गातील एका परवानाधारक दुकानात दुरुस्तीला नेली. मालकांनी परवान्यावरचा क्रमांक बंदुकीवरच्या क्रमांकाशी भिंग लावून ताडला, नोंदवहीत सही घेतली आणि मगच गंजलेल्या घोड्याला हात लावला. ही काटेकोर पद्धत मला दुरुस्तीइतकीच आवडली. शस्त्र कायद्यात 2019 साली झालेल्या बदलानंतर परवाना 3 ऐवजी 5 वर्षे चालतो, शस्त्रे मात्र सर्वसाधारणपणे 2च बाळगता येतात, आणि डुक्कर मारायचे तर वनखात्याची परवानगी निराळी लागते, हे त्यांनी न विचारता सांगितले. काम चोख झाले. फक्त आठ दिवसांचा वायदा तीन आठवड्यांवर गेला आणि तेवढ्यात डुकरांनी नाचणीही फस्त केली.